पाचव्या सेटची लिंबं

पाचव्या सेटमध्ये चार-चार झाले तेव्हा गोदावरीबाईंनी टीव्हीवरची नजर न काढता उजवा हात बाजूच्या खुर्चीकडे केला आणि त्या म्हणाल्या, "अहो, उठा आता. जरा खाली जाऊन या."

हात खुर्चीच्या दांड्यावर पडायचा, तो घड्या घातलेल्या कपड्यांवर पडला. दोन दिवस पंख्याखाली वाळवूनही दमट राहिलेले पावसाळ्यातले कपडे होते ते. बाईंनी हात तसाच ठेवला. मग वळून त्या ढिगाकडे पाहिलं आणि वरचा टॉवेल उगाच पुन्हा नीट केला. आठ महिने झाले होते. कार्तिकातल्या एका सकाळी चिंतामणराव दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून बाईंची जीभ बहुतेक सगळ्या गोष्टी शिकली होती. एकाच माणसाचा चहा, एकाच माणसाची भाजी, दूधवाल्याला अर्धा लिटर. पण पाचव्या सेटचं तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

महाडात जुलैच्या सुरुवातीला लाइट जाणं ही बातमी नसते. पण मॅच चार-चार असताना जाणं म्हणजे वैर झालं. बाईंनी आधी वीज मंडळाला, मग पावसाला आणि शेवटी सवयीनं नवऱ्याला बोल लावला. गॅलरीत जाऊन तळ्याच्या बाजूचे दिवे गेलेत का ते बघितलं. सगळीकडचेच गेले होते. फोनवर बघता आलं असतं, लेकीनं ते ॲप घालूनही दिलं होतं, पण लाइट गेली की त्यांच्या गल्लीत फोनची रेंजही जीव टाकायची. पंचवीस मिनिटं बाई अंधारत चाललेल्या खोलीत बसून राहिल्या. लाइट आली तेव्हा टीव्हीवर त्यांचा माणूस दोन्ही हात वर करून प्रेक्षकांकडे बघत होता.

आपला जिंकला होता.

या घरात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. तो "आपला" आणि समोरचा जो असेल तो "दुसरा". आपला डावखुरा. नकाशात शोधायला चष्मा लागावा अशा कुठल्याशा देशातला. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा बाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं. पंचांनी त्याच्या बाजूनं दिलेला पॉइंट त्यानं स्वतःहून दुसऱ्याला देऊन टाकला, मॅच हरला आणि डोक्यावर टॉवेल घेऊन पोरासारखा रडला. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या, वहीत खाडाखोड करून गुण वाढवून मागणाऱ्या सातवी-आठवीच्या पिढ्या पाहिलेल्या बाई त्या दिवशी त्या पोरावर भाळल्या त्या भाळल्याच. मग एकोणीस वर्षं त्याचा गुडघा दुखला की या देवापुढे दिवा लावायच्या. तो जिंकला की आमटीत गूळ जास्त पडायचा. हरला की घरात दोन दिवस सुतक असायचं आणि इरावती, म्हणजे त्यांची लेक, शाळेतून आल्यावर आधी स्वयंपाकघराचा कानोसा घेऊन मगच दप्तर टाकायची.

आता तो अडतीसचा होता. हे विम्बल्डन शेवटचं, असं त्यानं वसंतातच सांगून टाकलं होतं. जानेवारीत पहिल्याच फेरीत हरला, मेमध्ये पहिल्याच फेरीत हरला. आणि आज जिंकला.

फोन वाजला. पुण्याहून इरावती.

"आई, काय झालं?"

"जिंकला."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या आणि पुण्यात पाऊस आहे का ते विचारलं.

एवढंच नव्हतं. पण काय सांगणार आणि कोणाला? इरावतीला टेनिसमधलं ओ की ठो कळत नसे, ती आपली आईला बरं वाटावं म्हणून विचारायची. आठ महिने बाई तिला निकाल सांगत होत्या. मॅच त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

कारण मॅच सांगायची असते चिंतामणरावांना, आणि त्याची एक रीत होती. चिंतामणराव भूमी अभिलेखमध्ये मोजणीला होते. सगळी नोकरी महाड आणि पोलादपूरच्या डोंगरात गेली. आंबेनळीच्या पायथ्यापासून शिवथरच्या खोऱ्यापर्यंत असा बांध नसेल ज्यावर त्यांनी उभ्याउभ्या भाऊबंदकी ऐकली नाही. बाईंनी पहिल्यांदा त्यांना टेनिस दाखवलं तेव्हा त्यांनी टीव्हीवरच्या रेषा नजरेनं मोजल्या आणि म्हणाले, "सगळं मिळून अडीच गुंठे. बरं आहे, निदान हद्द तरी स्पष्ट आखलेली आहे."

त्यांना खेळाशी काही देणंघेणं नव्हतं, ते बाईंशेजारी बसायचे इतकंच. पण झालं असं की ते पहिल्यांदा बसले त्या दिवशी आपला हरला. दुसऱ्यांदा पोलादपूरहून लवकर सुटून, पायाचा चिखलही न धुता येऊन बसले, तर दोन सेट पुढे असलेला आपला पाचव्या सेटमध्ये पडला. तिसऱ्या वेळी चार-चार झाल्यावर बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही बसलात की तो हरतो, जरा खाली जाऊन या. चिंतामणराव उठले, चपला घातल्या, गेले. आपला जिंकला. झालं. सोळा वर्षांची बेगमी झाली. गणिताच्या बाईंनी तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडला आणि मोजणीच्या साहेबांनी त्यावर हरकत घेतली नाही. पुढे पुढे सांगावंही लागेनासं झालं. चार-चार झाले की खुर्ची करकरायची आणि जिन्यावर चपला वाजायच्या.

मॅच संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते वर यायचे. सदऱ्याच्या खिशात लिंबं असायची. कधी दोन, कधी चार. घरात टोपलीभर असली तरी असायचीच, आणि बाई दर वेळी विचारायच्या की एवढ्या लिंबांचं करायचं काय. मग ते ओट्याला टेकून उभे राहायचे, एक लिंबू चिरायला घ्यायचे आणि विचारायचे, "काय झालं?"

आणि बाई सांगायच्या. पहिल्या सेटपासून. त्यांनी पाहिलेला पहिला सेटही पुन्हा. सरबत ढवळता ढवळता कुठला चेंडू कुठे पडला ते ओट्यावर साखरेच्या डब्यानं आणि लिंबाच्या फोडींनी मांडून दाखवायच्या. चिंतामणराव असं ऐकायचे की जणू कुणाच्या जमिनीचा शंभर वर्षांचा तंटा ऐकताहेत. मध्येच विचारायचे, मग तेव्हा टॉवेल डोक्यावर घेतला असेल त्यानं? बाई थक्क व्हायच्या. बरं ओळखलंत हो. तुम्हाला न बघता कळायला लागलं. तासभर चालायचं ते. खरं सांगायचं तर बाईंना मॅच बघण्यापेक्षा तो तास जास्त आवडायचा, पण हे त्यांना कळलं ते या आठ महिन्यांत.

एकदाच ही रीत मोडली होती. सात वर्षांपूर्वी आपला फायनलला पोहोचला, आयुष्यात एकदाच. चार-चारला चिंतामणराव खाली गेले. दुसऱ्यानं पाच-चार केले. आणि बाई देवाचं नाव घेऊन बसलेल्या असताना दारात धपापण्याचा आवाज आला. चिंतामणराव. सदरा भिजलेला, पायात चपला नाहीत, फरशीवर ओली पावलं, हातात लिंबं नाहीत. मॅच संपलेली नसताना वर आलेले. बाई संतापून त्यांच्याकडे वळल्या आणि तेवढ्यात टीव्हीवर टाळ्यांचा गजर झाला. शेवटचा पॉइंट त्यांनी पाहिलाच नाही. आपला हरला होता.

तीन दिवस बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतरही सात वर्षं, कढी फुटली तरी, तुम्ही त्या दिवशी वर आलात, हे शेपूट त्याला लागायचंच. चिंतामणरावांचं उत्तर ठरलेलं होतं. चुकलं माझं. बास, त्यापुढे एक अक्षर नाही.

आपला पहिली फेरी जिंकला त्या रात्री कपड्यांचा ढीग कपाटात ठेवताना बाईंना सगळं लख्ख कळलं. जानेवारीत कोणी खाली गेलं नाही, आपला हरला. मेमध्ये कोणी खाली गेलं नाही, आपला हरला. आज लाइट गेली, म्हणजे खोलीत बघणारं कोणी उरलं नाही, आपला जिंकला. म्हणजे बघणाऱ्यानं चार-चारला उठून जायला हवं. आणि घरात आता एकच बघणारं माणूस होतं.

दुसरी फेरी आपल्यानं तीन सेटमध्ये उरकली, म्हणून प्रश्न आला नाही. तिसरी शुक्रवारी होती, बाजूच्या कोर्टावर, आपल्याकडचे साडेतीन वाजता. दुसरा वीस वर्षांचा. सर्व्हिस अशी की चेंडू दिसायच्या आधी आवाज यायचा. बाईंनी सकाळीच देवाला सांगून ठेवलं की त्याला विजेतेपद वगैरे काही देऊ नकोस, तेवढी माझी मागणी नाही, पण शेवटचा सामना पोरासारख्या पोराकडून हरायला नको. तिसऱ्या फेरीतून वर जाऊ दे, मग कुठल्या तरी मोठ्याकडून हरू दे. असा हिशेबी नवस त्या परमेश्वरानं यापूर्वी ऐकला नसावा.

सहा वाजेपर्यंत दोन-दोन सेट झाले. बाहेर पाऊस धरून होता. नगरपालिकेचा पुराचा भोंगा वाजला नव्हता, म्हणजे सावित्री नदी अजून आपल्या जागी होती. पाचव्या सेटमध्ये दोन-दोन. तीन-तीन. बाईंना बघायचं होतं. एकोणीस वर्षं बघितलेल्या माणसाचा कदाचित हा शेवटचा अर्धा तास होता आणि तो तेवढा सोडून त्यांनी जिन्यात जाऊन उभं राहायचं होतं. आपल्यानं बॅकहॅण्ड मारला, तोच तो, एका हाताचा, पदर खांद्यावर टाकावा इतका सहज. चार-चार.

बाई उठल्या. चिंतामणरावांची खुर्ची त्या दिवशी त्यांनी रिकामी ठेवली होती. टीव्ही चालूच ठेवला, आवाजही कमी केला नाही, दार ओढून घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले उतरल्या.

खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खाली म्हणजे कुठे, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. सोळा वर्षं एका माणसाला खाली पाठवलं. तो कुठे उभा राहायचा, काय करायचा, पावसात काय आणि उन्हात काय, कधी मनात आलं नाही. जिन्याच्या तोंडाशी पागोळ्या गळत होत्या. आडोसा असा नव्हताच.

"बाई, या ना. भिजताय कशाला?"

समोर, चार पावलांवर, सोनबाचं किराणा दुकान होतं. सोनबा पोलादपूरकडचा, तीस वर्षं इथे गल्ला सांभाळणारा. दुकानाच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसायची, आणि त्या रेघेच्या वर, पार छताला, त्यानं टीव्ही टांगलेला होता. टीव्ही बाईंच्याच घरचा. पुरात सोनबाचा गेला तेव्हा चिंतामणराव म्हणाले होते की आपण नवा घेऊ, हा त्या गरिबाला देऊन टाकू. बाईंना नवऱ्याच्या दानतीचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

बाई भिजतच पायरी चढल्या. सोनबानं एक शब्दही न विचारता तांदळाच्या पोत्यामागून लाकडी स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं, विशिष्ट जागी, खांबाला टेकता येईल असं ठेवलं. मग रिमोट घेऊन आपली मालिका बंद केली आणि भराभर बटणं दाबली. वर हिरवळ उमटली.

"बंद कर," बाई घाईनं म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "मला बघायचं नाहीये."

"मग साहेबांच्या जागंवर बसा तरी."

बाईंनी डोळे उघडले.

"कुठल्या साहेबांच्या?"

सोनबा गोंधळला. आपण काही भलतंच बोललो का, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. "आपल्या साहेबांच्या. ते इथंच बसायचे की, मॅच असली का. पाऊस लागला का ही हिरवी, त्याच्या आधी उन्हात ती लाल मातीची. मला काय त्यातला कळत नाय. पन नंबर पाठ झालाय च्यानलचा."

"मॅच बघायचे? इथे बसून?"

"तर. पापनी नाय लवायची. तुमच्या पूर्वीच्या ह्याच टीवीवर. त्याच्या आधी माझ्या जुन्यावर."

बाई स्टुलावर बसल्या. वर आपला सर्व्हिसला उभा होता, चेंडू तीनदा आपटून. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र सोळा वर्षांचे निकाल एकामागून एक येत होते, ज्या ज्या दिवशी खुर्ची करकरली आणि आपला जिंकला ते सगळे. त्यातल्या प्रत्येक वेळी चिंतामणराव बघत होते. फक्त दोन मजले खाली. सिद्धांताची एकसुद्धा ओळ उभी राहिली नाही. मग ते टॉवेलचं बरोबर ओळखणं. मग ती लिंबं. त्यांनी दुकानात पाहिलं. गल्ल्याशेजारी, हाताच्या अंतरावर, लिंबांची टोपली होती.

त्यांना आधी राग आला. सोळा वर्षं फसवलं म्हणून नाही. सोळा वर्षं शेजारची खुर्ची रिकामी राहिली म्हणून. पाचवा सेट त्यांनी कायम एकटीनं पाहिला होता, हात कुणाचा धरायचा ते न कळून पदराचं टोक धरून.

"मग वरच का नाही बसले?" त्या म्हणाल्या. सोनबाला विचारलं की कोणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "सांगायचं मला. म्हणायचं, बघूनसुद्धा जिंकला. मी काय खाल्लं असतं?"

सोनबा डाळ मोजत होता, थांबला. "मी म्हनलं होतं एकदा. साहेब, वर मोठा टीवी हाय, हितं मान वर करून कशाला बघता? तर म्हनले, वर बसून बघितली तर बाई सांगनार नाय. आन बाई सांगतात तशी मॅच टीवीत नसते."

वर पाच-पाच झाले होते. पाऊस पत्र्यावर वाजत होता. एक बाई येऊन साबण घेऊन गेली. गोदावरीबाईंनी मान वर केली, कारण खाली बघितलं असतं तर डोळ्यांतलं पाणी सांडलं असतं. मान वर केल्यावर टीव्ही दिसणारच होता. त्या बघू लागल्या.

सहा-सहा. टायब्रेक. दहाचा, आधी दहा करील तो जिंकला.

"एकदाच बिचारे पळाले," सोनबा आपल्याच नादात म्हणाला. "मोठी मॅच होती बघा, पुराच्या आधीची. रविवार होता. तो तुमचा मानूस हरायला आला. साहेब उठले आन सुटले. मी म्हनलं, साहेब, अजून संपली नाय. तर म्हनले, संपली सोनबा, ती वर एकटी हाय. चपला हितंच ऱ्हायल्या, या स्टुलाखाली. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात नेऊन ठेवल्या."

वर्गात बाई दरवर्षी एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या. विधान खरं असलं म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असं नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं आहे म्हणून पाऊसच पडला असेल असं नाही. मुली माना डोलवायच्या. आणि बाईंनी सात वर्षं एका माणसाला ऐकवलं होतं की तुम्ही वर आलात म्हणून आपला हरला. तो हरत होता म्हणून ते वर आले होते. अनवाणी, पावसात, दोन मजले, त्या वयात. शेवटच्या पॉइंटला त्यांना खुर्चीशेजारी उभं राहायचं होतं. चुकलं माझं, एवढंच म्हणाले. एकदा तोंड उघडलं असतं तर सगळा दोष धुऊन गेला असता, पण मग खालचं स्टूल गेलं असतं आणि वरचा तो तासही गेला असता.

"बाई, पानी देऊ?"

त्यांनी हातानं नको म्हटलं.

सात-सात. आठ-आठ. दुकानातल्या लहानशा पडद्यावर आपला इतका छोटा दिसत होता की पहिल्यांदा पाहिलेला एकोणीस वर्षांचा मुलगाच वाटावा. चेंडू बराच वेळ चालत राहिला, इकडून तिकडे, आठ, दहा, बारा फटके, आणि मग कुणालाही सुचणार नाही असं काहीतरी त्याला सुचलं. तो पुढे धावला. नेटशी. चेंडू त्यानं हलकाच टाकला, तो नेटच्या पट्टीवर बसला, तिथे क्षणभर विचार केला आणि त्याच्याच बाजूला पडला. आठ-नऊ. पुढची सर्व्हिस दुसऱ्याची होती. ती कोणालाच दिसली नाही.

संपलं.

बाईंना वाटलं होतं की हे बघवणार नाही. पण त्या बघत राहिल्या. आपल्यानं नेटपाशी जाऊन त्या पोराला मिठी मारली, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, खुर्चीवर येऊन बसला आणि डोक्यावर टॉवेल घेतला. मग टॉवेल काढला तेव्हा तो हसत होता. सगळे लोक उभे होते. सोनबानं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"बंद का केलास?"

"साहेब करायला सांगायचे, मॅच संपली का. मंग धा मिंटं गप बसायचे. लगेच वर गेलो तर कळंल म्हनायचे."

"मग मीपण बसते," बाई म्हणाल्या.

त्या दहा मिनिटं बसल्या. खांबाला पाठ टेकवून बघितली, नेमकी टेकत होती. सोनबानं त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही, त्याची मालिकाही लावली नाही. पाऊस थोडा उणावला तेव्हा त्या उठल्या, टोपलीतून दोन लिंबं घेतली, बोटांनी दाबून पाहून पातळ सालीची. सोनबा म्हणाला की राहू द्या, त्यांनी ऐकलं नाही. पायरी उतरता उतरता वळून विचारलं, "पुढच्या मे महिन्यात ती लाल मातीची लावशील ना रे?"

"तुमचा मानूस तर गेला ना आता?"

"दुसरे आहेत की," बाई म्हणाल्या. ते खरं आहे की नाही ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

वर दार ढकललं तर खोलीत टीव्ही एकटाच बोलत बसला होता. त्यांनी तो बंद केला. चिंतामणरावांच्या खुर्चीच्या दांड्यावर एकवार हात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. लिंबं ओट्यावर ठेवली, सुरी काढली, साखरेचा डबा पुढे ओढला. फोन वाजला. त्यांनी तो उचलला, आवाज मोठा केला आणि डब्याला टेकवून उभा केला.

"आई, काय झालं?" इरावती म्हणाली.

हरला, असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. मग लिंबाकडे पाहिलं. ते आडवं धरून मधोमध चिरलं, एक फोड डब्याच्या अलीकडे ठेवली, एक पलीकडे.

"वेळ आहे का तुला?"

"आहे," इरावती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा निराळाच लागला. "खूप वेळ आहे. आई, एक सांग आधी, आठ-आठला तो पुढं कशाला धावला गं?"

बाईंचा हात थांबला. आठ-आठ त्यांनी अजून सांगितलेलं नव्हतं. निकालसुद्धा सांगितला नव्हता. टेनिसमधलं ओ की ठो न कळणारी पोर. सुरी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि हात पदराला पुसले, सावकाश, दोन्ही.

"मध्ये मध्ये विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या सेटपासून ऐक."